एका गुणाची किंमत

२०१६-१७च्या आय-लीगचा अंतिम गुणतक्ता फुटबॉलशी देणंघेणं नसलेल्या माणसानेही एकदा पाहावा असा आहे. दहा संघ. सर्वांत वर ऐजॉल एफसी, सर्वांत खाली मुंबई एफसी. ऐजॉल आदल्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी रागाने माघार घेतल्यामुळे जागा रिकामी झाली, म्हणून त्याला परत बोलावलं गेलं. मुंबई एफसी सात मोसम तळाच्या आसपास धडपडत होता, पण एकदाही घसरला नव्हता. २०१६मध्ये क्लबने सात वर्षं सोबत असलेल्या आपल्या प्रशिक्षकाला निरोप दिला आणि पुढच्याच मोसमात संघ शेवटचा आला. निरोप मिळालेल्या त्या माणसाला ऐजॉलने बोलावून घेतलं. त्याचं नाव खालिद जमील.

आठ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२५ रोजी, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने याच खालिदला भारताचा मुख्य प्रशिक्षक नेमलं. या जागेसाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत त्याच्यासोबत दोन परदेशी नावं होती. त्यांपैकी स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी तर पूर्वी भारतीय संघ सांभाळलेला. २०११-१२मध्ये गोव्याच्या साव्हियो मदेरा यांच्याकडे संघ होता. त्यानंतर पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक थेट हाच. वर्तमानपत्रांनी तेव्हा ऐजॉलची परीकथा पुन्हा सांगितली. मला ती परीकथा कधीच पटलेली नाही. ऐजॉलला जे घडलं त्याची तयारी मुंबईत सात वर्षं चालू होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण गुणतक्ता वाचताना आपण वरच्या चार ओळींपलीकडे जात नाही.

कंपनीच्या संघातला मुलगा

खालिदचा जन्म कुवेतचा, २१ एप्रिल १९७७चा. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब मुंबईत आलं. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हा त्याचा आदर्श आणि जागा मधल्या फळीतली. १९९७मध्ये त्याला महिंद्राच्या संघाने घेतलं.

त्या काळच्या मुंबई फुटबॉलची घडी आज समजावून सांगावी लागते. इथे क्लबांपेक्षा कंपन्यांचे संघ मोठे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, पोलीस. हारवुड लीग खेळायची, कूपरेजवर रोव्हर्स चषकाला गर्दी व्हायची. १८९१पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे मुंबईचा अभिमान होता. चांगल्या खेळाडूला संघासोबत नोकरीही मिळे. गुडघा गेला तरी पगार चालू राहणार, एवढा भरवसा त्यात होता. कलकत्त्याच्या खेळाडूला लाखाची गर्दी मिळायची, मुंबईच्या खेळाडूला महिन्याची पगारपावती.

खालिद आला तेव्हा ही घडी उसवायला लागली होती. गिरण्या बंद पडत होत्या, कंपन्यांचा क्रीडा खर्च आटत होता. १९९६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि स्थानिक लीगचं महत्त्व कमी होत गेलं. रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. खालिद १९९८मध्ये एअर इंडियात गेला, त्याच वर्षी भारताकडून पहिला सामना खेळला आणि २००२मध्ये पुन्हा महिंद्रात परतला. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांकडूनही त्याला विचारणा झाली होती. पण दोन्ही क्लबांचे पुरस्कर्ते तेव्हा मद्य कंपन्या होत्या, म्हणून त्याने नकार दिला, असं त्याच्याविषयी छापून आलेलं आहे.

महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. खालिद त्या क्लबात होता, पण दुखापतींनी त्याच्या खेळाची ऐन वर्षं खाल्ली. जो खेळाडू बराच काळ मैदानाबाहेर बसतो त्याला सामना वेगळ्या कोनातून दिसायला लागतो. चेंडू जिथे आहे तिथे न बघता तो उरलेल्या दहा जणांकडे बघतो. प्रशिक्षक होणाऱ्या अनेकांची शाळा अशी बाकावरच भरलेली असते.

कूपरेजची सात वर्षं

२००७मध्ये एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला. इंग्लंडचे डेव्हिड बूथ प्रशिक्षक म्हणून आले. ते आधी महिंद्राकडे होते, त्यामुळे मुंबईचा खेळ त्यांच्या ओळखीचा. दुसऱ्या श्रेणीतून संघ पहिल्याच प्रयत्नात वर आला आणि २००८-०९मध्ये आय-लीग खेळला. खालिद या संघात खेळाडू म्हणून दाखल झाला होता. २००९मध्ये शरीराने साथ सोडली आणि क्लबने त्यालाच प्रशिक्षक केलं. वय बत्तीस. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले त्यांना आता संघाबाहेर ठेवायचं होतं.

मुंबई एफसीकडे पैसा बेताचाच. आय-लीगमध्ये तेव्हा डेम्पो, चर्चिल, साळगावकर ही गोव्याची दादा मंडळी होती आणि कलकत्त्याचे दोन जुने क्लब. नावाजलेले खेळाडू आधी तिकडे जायचे. मुंबईच्या वाट्याला यायचे ते मोठ्या क्लबांनी सोडलेले, दुखापतीतून उठलेले, किंवा मुंबईच्या लीगमधून नुकते वर आलेले. त्यात मैदानही आपलं नव्हतं. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ टाकण्याचं काम लांबत गेलं आणि मुंबईचा संघ आपले घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत खेळू लागला. मुंबईहून दीडशे किलोमीटरवर घरचा सामना! प्रेक्षक मोजायला फार वेळ लागत नसे.

अशा संघाचा प्रशिक्षक गुणतक्त्याकडे कसा बघतो हे समजून घेण्यासारखं आहे. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. १४ संघांच्या लीगमध्ये २६ सामने. सामन्यामागे सरासरी एक गुण पडत राहिला तर सहसा घसरण टळते. हा सारा हिशेब मध्यमवर्गीय घरातल्या महिनाअखेरीसारखा असतो. कुठे मोकळ्या हाताने खर्च करायचा आणि कुठे दोन दिवस ढकलायचे, हे पहिल्या तारखेलाच ठरवलेलं बरं. डेम्पोविरुद्ध मडगावला एक गुण मिळाला तर तो नफा. बरोबरीच्या वकुबाच्या संघाविरुद्ध घरी तीन गुण सक्तीचे. डिसेंबरात जी बरोबरी सोडली तिचा जाब मार्चमध्ये द्यावा लागतो.

खालिदचे संघ या हिशेबातून घडले. चौघांच्या दोन रांगा, दोहोंमधलं अंतर कमीत कमी. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असला तरी हरकत नाही, पण तो आपल्या दोन रांगांच्या मध्ये आत येता कामा नये. तो कडेला ढकलायचा आणि तिथून क्रॉस येऊ द्यायचा, कारण मध्ये उंच बचावपटू उभे आहेत. चेंडू मिळाला की बागडत बसायचं नाही. थेट प्रतिस्पर्ध्याच्या बॅकच्या मागे टाकायचा आणि पळत सुटायचं. पहिला हेडर त्यांचा झाला तरी खाली पडणारा दुसरा चेंडू आपला हवा. कॉर्नर, फ्री किक, अगदी पुढच्या टोकाचा थ्रो-इनसुद्धा गोलची संधी म्हणून वापरायचा. आघाडी मिळाली की उरलेली मिनिटं अंगावर घ्यायची.

या खेळाला जाणकारांत मान नाही. आडदांड, जुनाट, बघवत नाही असा, ही विशेषणं त्याच्या मागे कायम लागली. ती खोटीही नाहीत. मी स्वतः त्याच्या संघांचे काही सामने पाहताना घड्याळाकडे पाहिलेलं आहे. पण कूपरेज पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या दिवसांत तिथे बसून पाहिलेली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी होती. ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाला, बँडस्टँडच्या बागेला लागून असलेलं ते चिमुकलं मैदान. दुपारच्या उन्हात कृत्रिम हिरवळ तापते, तिच्यातले रबराचे काळे दाणे बुटात जातात आणि सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास खेळाडूंचे पाय बोलायला लागतात. एरवी संघ याच वेळी फाटतो. पुढचे चार परत येत नाहीत, मागचे चार पुढे सरकत नाहीत, मध्ये मोकळं रान तयार होतं. मुंबईच्या रांगा मात्र अशा वेळी दोन पावलं मागे सरकायच्या, सगळ्या एकदम. बाजूच्या रेषेवर तो माणूस हातांनी सारखा एकच खूण करत असे : जवळ या, जवळ या. चेंडू कुठे आहे याच्याशी त्या खुणेचा संबंध नसे.

सात मोसम हा संघ टिकला. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक सरासरीने किती टिकतात हे पाहिलं तर एकाच क्लबात एकाच माणसाला सात वर्षं मिळणं हा चमत्कारच म्हणायचा. क्लबने करंडक एकही जिंकला नाही. पण या सात वर्षांत आजूबाजूला काय झालं? २०१०मध्ये महिंद्राने आपला संघ बंद केला, चार वर्षांपूर्वी देशाचा विजेता असलेला. एअर इंडिया २०१३मध्ये आय-लीगबाहेर गेला. पुणे एफसी २०१५मध्ये मिटला. त्याच वर्षी पुण्यातच भारत एफसी एक मोसम खेळून दिसेनासा झाला. महाराष्ट्रातले क्लब एकामागून एक गळत असताना मुंबई एफसीने जागा धरून ठेवली, ती या एकेका गुणांच्या जोरावर.

२०१६मध्ये क्लबला बदल हवासा वाटला. नवे प्रशिक्षक आले संतोष कश्यप, मुंबईचेच, अनुभवी. मोसमाच्या मध्यात त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन. दोघेही नाकर्ते नव्हेत. ब्रुझोन यांनी पुढे बांगलादेशात विजेतेपदं मिळवली. पण तळाशी कसं टिकायचं याची सात वर्षांची जमा त्या संघातून उठून गेली होती. मुंबई एफसी २०१७मध्ये घसरला आणि त्याच वर्षी बंद झाला.

मिझोरामचा डोंगर

ऐजॉल हे डोंगराच्या कण्यावर वसलेलं शहर. लेंगपुईच्या विमानतळावरून वळणावळणांच्या रस्त्याने वर यावं लागतं. सपाट जागा अशी नाहीच, त्यामुळे मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम डोंगर कापून काढलेलं. प्रवासाने आंबलेला पाहुणा संघ तिथे उतरतो तेव्हाच अर्धा सामना यजमानांच्या बाजूला झुकलेला असतो.

मिझोरामात खेळाडूंची वाण कधीच नव्हती. २०१२मध्ये तिथे स्वतःची प्रीमियर लीग सुरू झाली, स्थानिक दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले आणि २०१४मध्ये राज्याने संतोष करंडक जिंकला. ही पोरं चपळ, तंत्राने पक्की, दमसासाने भारी. त्यांना मोठे क्लब उचलून न्यायचे. ऐजॉलचा क्लब मात्र नवखा. २०१५-१६मध्ये पहिल्यांदा आय-लीग खेळला आणि घसरला.

खालिदने तिथे जाताना मुंबईचं थोडं सामान सोबत नेलं : जयेश राणे आणि आशुतोष मेहता. दोघेही मुंबई एफसीत त्याच्या हाताखाली खेळलेले. त्याला काय हवं ते राणेला सांगावं लागत नसे. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. बाकी बहुतेक मिझो मुलं. खालिदची शिस्त आणि त्यांचा वेग यांचं गणित असं जमलं की बंगळुरू, ईस्ट बंगाल, मोहन बागान यांच्यासारख्या श्रीमंत संघांना डोंगरावरून रिकाम्या हाताने उतरावं लागलं.

२२ एप्रिल २०१७चा मोहन बागानविरुद्धचा सामना म्हणजे या मोसमाचं सार. बागानच्या आघाडीला होता जेजे लालपेखलुआ, मिझोरामचाच लाडका मुलगा, आणि सोबतीला हैतीचा सोनी नॉर्डे. ८३व्या मिनिटाला झोहमिंगलिआना राल्टेने हेडर मारला. १-०. ऐजॉल ३६ गुण, बागान ३३. उरला एक सामना.

३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध ऐजॉलला बरोबरी पुरेशी होती. ऐजॉलहून आलेल्या माणसांनी मैदानाचा मोठा भाग भरला होता. नवव्याच मिनिटाला लाजोंगच्या डिपांडा डिकाने गोल केला. त्या मोसमात लीगमधले सर्वाधिक गोल याच माणसाचे. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीविरुद्ध जिंकायच्या बेतात. आयुष्यभर एकेका गुणासाठी झटलेल्या प्रशिक्षकाला विजेतेपदासाठीही नेमका एकच गुण हवा होता आणि तो हातातून निसटत होता. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरीचा गोल केला. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे मुंबई एफसीच्या सात वर्षांची उजळणी होती. रांगा जवळ, चेंडू कडेला, हेडर, लाथ, थ्रो-इन, पुन्हा हेडर. १-१. ऐजॉल ३७, बागान ३६.

ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवण्याची ही पहिली वेळ. आणि त्याच उन्हाळ्यात महासंघाने इंडियन सुपर लीगला आय-लीगच्या बरोबरीने देशाची लीग म्हणून मान्यता द्यायचं ठरवलं. सुपर लीगमध्ये घसरणही नव्हती आणि बढतीही. पैसे भरतील ते संघ. देशाचा विजेता ऐजॉल तिथे बसत नव्हता. क्लबने उपोषणाचे इशारे दिले, निवेदनं धाडली. उपयोग झाला नाही. तळातून वर येणाऱ्यासाठी शिडी लावायची नसते, हे भारतीय फुटबॉलने त्या वर्षी अधिकृतपणे सांगून टाकलं.

मोठ्या घरची चाकरी

विजेत्या प्रशिक्षकाला ईस्ट बंगालने उचललं. तरुणपणी ज्या दारातून तो आत गेला नव्हता तिथे आता मानाने बोलावणं होतं. पण मोठ्या क्लबाची गरज वेगळी. तिथे बरोबरी म्हणजे अपमान. २०१७-१८च्या शेवटच्या दिवशी ईस्ट बंगालला विजेतेपदाची आशा होती. त्यासाठी नेरोकाविरुद्ध जिंकणं भाग होतं. सामना १-१ सुटला. आदल्या वर्षी ज्या निकालाने त्याला डोक्यावर घेतलं होतं तोच निकाल इथे त्याच्या मुळावर आला. पंजाबचा मिनर्व्हा विजेता ठरला, ईस्ट बंगाल चौथा. काही महिन्यांत खालिद बाहेर. जानेवारी २०१९मध्ये मोहन बागानने मोसमाच्या मध्यात त्याला आणलं. संघ पाचवा आला आणि तेही प्रकरण संपलं.

त्यानंतर तो गेला नॉर्थईस्ट युनायटेडकडे, मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली. सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाची जागा तेव्हा जवळपास ठरलेली होती : परदेशी साहेबाच्या उजव्या हाताला, हातात शंकू आणि शिट्टी. एएफसीची प्रो लायसन्स ही सर्वोच्च पदवी खिशात असली तरी फरक पडत नसे. जानेवारी २०२१मध्ये क्लबने स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना काढलं आणि उरलेला मोसम निभावण्यापुरतं काम खालिदकडे दिलं. साखळीतले उरलेले सामने संघ हरला नाही. तिसरा क्रमांक मिळवून उपांत्य फेरीत गेला आणि तिथे एटीके मोहन बागानकडून हरला. सुपर लीगच्या बाद फेरीत संघ नेणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक. त्याच वर्षी क्लबने त्याला कायम केलं, तेव्हा असा पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षकही लीगमध्ये पहिलाच. पुढच्या मोसमात मात्र संघ अकरांत दहावा आला.

इथे एखादा माणूस समालोचनाच्या खुर्चीत जाऊन बसला असता. खालिद २०२२-२३मध्ये एफसी बेंगळुरू युनायटेडला गेला. हा क्लब आय-लीगच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे देशाच्या तिसऱ्या श्रेणीत खेळणारा. टीव्हीचे कॅमेरे नाहीत, मैदानावर प्रेक्षक जेमतेम. देशाचं विजेतेपद मिळवलेला, सुपर लीगची उपांत्य फेरी पाहिलेला प्रशिक्षक पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायला तयार झाला. त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी नोंद हीच आहे. तिसऱ्या श्रेणीला तो शिक्षा समजला नाही, ते त्याचं नेहमीचंच काम होतं.

२०२३च्या अखेरीस सुपर लीगमधल्या जमशेदपूरने बोलावलं. संघ गुणतक्त्याच्या खालच्या अंगाला होता. अडचणीतला संघ म्हटलं की याची आठवण होते, हे आता क्लबांच्या मालकांनाही कळलं होतं. २०२४-२५मध्ये जमशेदपूर पाचवा आला आणि उपांत्य फेरीत मोहन बागानला पहिल्या सामन्यात २-१ हरवलं. परतीच्या सामन्यात कोलकात्यात बरोबरी राखली असती तरी अंतिम फेरी होती. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला दूरवरून गोल बसला आणि ०-२ असा सामना गेला. गोल करणारा अपुइया मिझोरामचा, नॉर्थईस्टमध्ये खालिदच्याच हाताखाली खेळलेला. मग सुपर कपच्या अंतिम सामन्यात भुवनेश्वरला एफसी गोवाकडून ०-३ हार. करंडक नाही, पण महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार सलग दुसऱ्यांदा.

निळ्या जर्सीचा हिशेब

भारतीय संघ त्याच्याकडे आला तेव्हा तो स्वतःच एक अडचणीतला संघ होता. जागतिक क्रमवारी १३३. आशिया चषकाच्या पात्रता गटात दोन सामन्यांत एकच गुण. सुपर लीगचं भवितव्य करारांच्या भानगडीत अडकलेलं, खेळाडूंना सरावाला सामने नाहीत. मोहन बागानने तर शिबिराला आपले खेळाडू सोडलेच नाहीत.

ऑगस्ट २०२५च्या अखेरीस मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत हा संघ उतरला. यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं. इराणकडून ०-३ हरला, अफगाणिस्तानशी ०-० बरोबरी झाली. तिसऱ्या क्रमांकासाठी समोर ओमान, क्रमवारीत ७९वा आणि भारताने कधीही न हरवलेला. पिछाडीवरून उदांता सिंगच्या गोलने १-१ झालं आणि पेनल्टीत ३-२. गुरप्रीतसिंग संधूने शेवटची पेनल्टी अडवली. गंमत अशी की पेनल्टीवर सुटलेला सामना फुटबॉलच्या नोंदवहीत बरोबरी म्हणूनच लिहितात. खालिदच्या खात्यावर आणखी एक बरोबरी जमा झाली आणि देशाला पदक मिळालं.

खरी कसोटी ऑक्टोबरची. ९ तारखेला सिंगापूरमध्ये मध्यंतरानंतर लगेच संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं, संघ दहा जणांवर आला, एका गोलने मागे होता. ९०व्या मिनिटाला रहीम अलीने प्रतिस्पर्ध्याच्या चुकीचा फायदा उठवून १-१ केलं. तळाच्या संघांना वाचवणाऱ्या प्रशिक्षकाचा हा अगदी नमुनेदार गुण. पाच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर परतीचा सामना. आता बरोबरी पुरणार नव्हती. भारताच्या छांगटेने १४व्या मिनिटाला सुरेख गोल केला आणि मग तीच जुनी खोड : आघाडी मिळाली की मागे सरकायचं. पण दोन रांगांच्या मधली जागा या संघाला राखता आली नाही. सिंगापूरच्या सोंग उइ-योंगने मध्यंतराआधी एक आणि नंतर एक गोल केला. १-२. क्रमवारीत आपल्या खाली असलेल्या संघाकडून घरच्या मैदानावर हरून भारत २०२७च्या आशिया चषकाबाहेर गेला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनेही १-० हरवलं. त्यांच्याविरुद्ध बावीस वर्षांतला हा पहिला पराभव.

टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. क्लबाचा प्रशिक्षक रोज सकाळी आपल्या माणसांना घेऊन रांगांमधलं अंतर घोटून घेतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षात मोजके दिवस मिळतात. खालिदची विद्या घोटून घेण्याची आहे आणि तिला वेळ लागतो. शिवाय ती हरू नये याची विद्या आहे. जिथे जिंकलंच पाहिजे, स्वतः चेंडू घेऊन समोरची भिंत फोडलीच पाहिजे, तिथे ती अपुरी पडते. ईस्ट बंगालमध्ये पडली, फातोर्ड्यावरही पडली. मात्र पहिल्या दोन सामन्यांतला एकच गुण आणि सामन्यांवाचून गंजलेले पाय ही त्याची करणी नव्हती, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

शिडीच्या मधल्या पायऱ्या

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार श्रेणी आणि ९२ क्लब आहेत. नील वॉर्नॉकसारखा माणूस तिथे खालच्या श्रेणीत खेळाडू म्हणून कारकीर्द घालवतो आणि मग प्रशिक्षक म्हणून आठ वेळा संघांना वरच्या श्रेणीत चढवतो. देशाच्या संघाची धुरा त्याला कुणी देत नाही, पण त्याच्या कसबाला बाजारात किंमत आहे. एका गावातून काढलं तर दुसऱ्या गावाचा क्लब फोन करतो. संघ वाचवणं आणि संघ चढवणं या दोन वेगळ्या हातोट्या आहेत, हे तिथल्या प्रेक्षकालाही ठाऊक असतं.

आपल्याकडे खालिदसाठी अशी मधली गावं फार थोडी होती. देशात २०२२-२३पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगचं दार किलकिलं झालं. पंजाब एफसी त्यातून पहिल्यांदा आत गेला. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्या प्रशिक्षकाने २०२३मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी म्हणून नेमलेला असताना. भारतीय प्रशिक्षकाला काम मिळतं ते बहुधा असं, आधीच्या साहेबाची गच्छंती झाल्यावर उरलेल्या दिवसांसाठी. तिथे हरण्याची मुभा नसते, त्यामुळे शिकण्याचीही नसते.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर चित्र आणखी विरळ आहे. वरच्या टोकाला मुंबई सिटी, सुपर लीगचा दोनदा विजेता, २०२५पर्यंत मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहात असलेला, अंधेरीत झगमगणारा. खालच्या टोकाला मुंबईची जिल्हा लीग, कोल्हापुरात शाहू स्टेडियम तुडुंब भरवणारे पाटाकडील आणि खंडोबा तालमीसारखे संघ, नागपूर-पुण्याच्या स्थानिक स्पर्धा. मधल्या पायऱ्या मोडलेल्या. कूपरेजवर खेळणारा केंकरे एफसी २०२३मध्ये आय-लीगमधून घसरला. २०२४-२५च्या आय-लीगमध्ये बारा संघ होते, त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

खालिदचं मूल्यमापन फातोर्ड्याच्या एका रात्रीवरून करायचं की शिलाँगच्या एका दुपारवरून, यावर वाद होत राहतील. दोन्ही निकाल एकाच माणसाचे आणि एकाच पद्धतीचे. पण तो माणूस घडला तो या दोन्ही ठिकाणी नाही. २००९मध्ये पैसा नसलेल्या, मैदान नसलेल्या एका क्लबाने बत्तीस वर्षांच्या जायबंदी खेळाडूला संघ दिला आणि करंडकाशिवाय सात वर्षं त्याला ठेवून घेतलं. पुढचा खालिद हवा असेल तर आधी तसा, सामान्य वकुबाचा पण धीराचा क्लब लागेल. तो आज मुंबईत नाही, पुण्यात नाही आणि कोल्हापुरातही तालमीच्या पुढे गेलेला नाही.